आधणपेठेचा करपलेला भात

रविवार, ३ जानेवारी २०१६. सकाळी दाट धुके, नऊनंतर स्वच्छ ऊन, वारा नाही.

आधणपेठेत सात आळ्या आहेत आणि प्रत्येक आळीच्या तोंडाशी एक लहान विहीर आहे. पहिल्या विहिरीच्या काठावर दगडात हंडी कोरलेली आहे. ती दाखवताना देवळाचे सोपानराव गुरव म्हणाले, "तुमच्या शहरात दूध आणायला गाडी काढतात म्हणे. आमच्याकडे ते चालत नाही." मग त्यांनी गोष्ट सांगितली.

नदीकाठचे जुने गाव पुरात गेले, तेव्हा गावचे वतनदार देसाई यांनी या माळावर नवी पेठ आखली. विहीर, बाजार, वैद्याचे घर असे सगळे त्यांच्या वाड्यापुढच्या चौकात आले. शेवटच्या आळीत बायजाक्का एकटी राहायची. पायाने लंगडी. इतक्या लांबून पाणी आणणे जमणार नाही, मी आपली नदीकाठी परत जाते, असे तिने कळवले. काठावर पुन्हा पूर आला असता तर ती वाचली नसती. देसाई म्हणाले, चारशे पावले तर आहेत, मी स्वतः मोजली. मोजली होती खरी, पण घोड्यावर बसून, घोड्याची.

नव्या घरातले पहिले जेवण देसायांना, असा रिवाज होता. ते आले. बायजाक्काने त्यांच्यासमोर आधणात तांदूळ वैरले आणि प्यायला पाणी आणते म्हणून घागर घेऊन निघाली. पाहुण्याने चुलीला हात लावायचा नसतो. देसाई बसून राहिले. भाताला वास सुटला, मग धूर झाला, तेव्हा ती दारात आली.

"आक्का, भात करपला."

"भात नाही करपला, धनी. विहीर लांब पडली."

देसायांनी तो भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी आखणीचे दोर उपटले. प्रत्येक आळीत चूल मांडली, आधण ठेवले आणि बायजाक्काला तिच्या चालीने चालायला लावले. भात करपायच्या आत ती जाऊन परत येईल तिथेच विहीर, तिथेच वाणी, तिथेच वैद्य. देसाई मागून पायी चालत होते. ती मध्येच म्हणाली म्हणे, "धनी, दमलात तर घोडा मागवा." सगळी पेठ हसली, देसाईसुद्धा.

आजही पेठेत नवे काही बांधायचे तर आधी भात लावतात. आज दवाखान्याच्या जागेसाठी शेवटच्या आळीत चुलीवर लावला होता. ब्याऐंशी वर्षांच्या शेवंताबाई काठी टेकत एसटी स्टँडजवळच्या जागेपर्यंत जाऊन आल्या. भात करपला. दुसरी हंडी चढवली, त्या देवळामागच्या जागेपर्यंत जाऊन आल्या. भात मऊ शिजला होता. दवाखाना देवळामागे ठरला.