पदराला लागलेलं दही

पांघरूण ओढू नकोस गं, त्यालाही थोडं दे. दोघं नीट निजा, मगच सांगते.

एकदा काय झालं, एका राजाच्या गावात तानूबाई नावाची दहीवाली होती. बाजारात तिचा ओटा होता. ओटा नवऱ्याच्या नावावर, कारण बाईच्या नावावर ओटा द्यायचा नाही, असा तिथला नियम. नवरा घरी लोळायचा आणि दही तानूबाई विकायची. राजाच्या ताटातलं दहीसुद्धा तिचंच. तिचा तोरा काही विचारू नका.

मग एके दिवशी सात डोंगर ओलांडून लाछी आली. काळं लोकरीचं लुगडं, हातभर गोंदण, बरोबर एक पांढरी शेळी. रंग निराळा, बोलणं निराळं. निघताना तिच्या आईनं तिच्या पदराला विरजण लावून वाळवलं होतं आणि वर गाठ मारली होती. असं वाळलेलं विरजण कोमट दुधात बुडवलं की जागं होतं, बरं का.

मग लाछीनं गाठ सोडली, पदर शेळीच्या कोमट दुधात बुडवला आणि दही लावलं. आणि काय नवल! जो खाई, त्याला ते आपल्या आईच्या हातचं लागे. सगळं गाव लोटलं. राजानं तर तानूबाईची वाटी बाजूला सारली आणि लाछीचं मडकं मागवलं.

झालं! तानूबाईचा जीव जळायला लागला. हिची शेळी ती केवढी, आणि राजाला हिचंच दही हवं? तिला जेवण जाईना, झोप येईना.

मग तिनं पंचांचे कान भरले. परकी बाई, त्यात पाठीशी पुरुष नाही, हिला बाजारात बसू देऊ नका. पंचांनी माना डोलावल्या. लाछी वेशीबाहेर चिंचेखाली बसली, तर गिऱ्हाईक तिथं जायला लागलं. मग तानूबाईनं आवई उठवली, हे दही खाल्लं की माणूस बें बें करतो. तर पोरं मुद्दाम बें बें करत दही मागायला लागली. हसू नका, झोपायचंय.

मग मात्र तिचं डोकं फिरलं. लाछी शेळी चारायला गेली, तेवढ्यात ही चिंचेजवळच्या तिच्या झोपडीत शिरली. विकायचं दही संपलेलं, मडक्यात नुसतं उद्याचं विरजण. तेच तिनं दाणकन आपटलं. सगळं मातीत गेलं. थोडं तेवढं हिच्या पदरावर उडालं.

संध्याकाळी लाछी रडत रडत गाठोडं बांधायला लागली. पदरावरचं तर पहिल्याच दिवशी दुधात उतरलं, आता मडक्यातलंही आईचं विरजण गेलं, इथं राहून काय करू, म्हणाली. तानूबाईच्या कानावर आलं. बरं झालं, म्हणत ती पदर धुवायला बसली. पदर धुतला की लाछी संपली. पण डाग खरवडता खरवडता बोट तोंडात गेलं.

आणि लागलं काय? तिच्याच आईच्या हातचं. अगं, तीही लग्न होऊन दुसऱ्या गावाहूनच आली होती, आईचं विरजण घेऊन. आई जाऊन किती वर्षं झालेली. तानूबाई तिथंच बसून रडली. रडतानाही हेवा होताच, खोटं कशाला सांगू? माझ्या आईची चव हिच्या मडक्यात का, म्हणून रडली मेली.

मग कोमट दुधाचं भांडं घेऊन ती लाछीच्या दारात गेली. तोंडानं काही सांगायला नको होतं, पदरावरचा डागच सगळं सांगत होता. लाछी त्या डागाकडे बघत राहिली, बघतच राहिली. मग म्हणाली, "बुडव."

तानूबाईनं पदराचं टोक दुधात बुडवलं. दही लागेपर्यंत भांडं हलवायचं नसतं, म्हणून तीही तशीच बसली, पदरानं बांधल्यासारखी. लाछी शेजारी बसली. सकाळी दही लागलं होतं.

मग तानूबाई म्हणाली, "ओटा माझ्या नवऱ्याच्या नावावर आहे. तो काही येत नाही. अर्ध्यावर तू बस."

पंच धावत आले, परकी बाई ओट्यावर कशी म्हणून. तानूबाईनं विचारलं, तुमच्या बायका कुठल्या गावच्या? पंच दही घेऊन परत गेले.

मग दोघी सुखानं राहिल्या. फक्त कुणाचं मडकं आधी रिकामं झालं, ते तानूबाई रोज तिरक्या डोळ्यानं बघायची. बघायची आणि मग गपचूप झोपायची.

आता तुम्हीही झोपा. पांघरूण दोघांचं आहे. पुन्हा ओढलंत तर मीच घेऊन निजेन.