संबोधचं सिरम

"पण मग ती लावत काहून नाही, भंतेजी?"

संबोधनं पुन्हा तेच विचारलं, आणि काचेची छोटी बाटली भंतेजींच्या पुढ्यात सरकवली.

संबोध रामटेके आमच्याच गावचा. लहानपणी याच विहारात, भंतेजींच्या समोर बसून गाथा पाठ करायचा. पुढं नागपुरात शिकून केमिस्ट झाला, आता चेहऱ्याला लावायची क्रीमं अन् सिरमं बनवतो. एवढा मोठा झाला, पण अडलं की इथंच येतो.

त्या दिवशी बायकोला अन् तान्ह्या पोरीला घेऊन आला होता. बायको उत्पला. ती आत आली नाही. बाहेर बोअरिंगजवळ, पिंपळाच्या सावलीत बसली. तोंडाला दुपट्टा, नागपूरच्या पोरी गाडीवर बांधतात तसा. नुसते डोळे दिसत होते.

भंतेजींनी बाटली उचलली. हलवून पाहिली. वास घेतला.

"तेल आहे का रे?"

"तेल नाही जी. व्हिटॅमिन सी आहे."

"ते तर लिंबात असते म्हणतात."

"लिंबातलं पाण्यात विरघळते. ते कातडीत लवकर शिरत नाही. कातडीला तिचं स्वतःचं तेल असते ना, ते पाण्याला आत येऊ देत नाही. शिरवायचं तर आंबट ठेवावं लागते, मग ते चुरचुरते. अन् बाटली उघडली की कापलेल्या सफरचंदासारखं तांबूस पडते. हे तसं नाही. हे तेलात विरघळते. गुपचूप आत जाते. आग नाही, काही नाही."

"हुशार आहे बाप्पा."

"हो जी," संबोध म्हणाला. त्याला थट्टा कळली नाही.

पोरगी झाली तेव्हा उत्पलाच्या दोन्ही गालांवर वांगाचे काळसर डाग उठले होते. बायांना उठतात. कोणाचे जातात, कोणाचे राहतात. तिचे राहिले.

"आधी पाण्यातलं दिलं होतं. आग होते म्हणाली. बरोबर होतं तिचं, म्हणून मी हे बनवलं. तर आता झाकणसुद्धा उघडत नाही. दुपट्टा सोडत नाही, भंतेजी, घरातही नाही. जेवायला बसली की तोंड भिंतीकडे करते. परवा म्हणाली, मी माहेरी जाते, तुम्ही न्यायला येऊ नका..."

त्यानं भंतेजींपुढं हात जोडले.

"इथून तिला माहेरी, पवनीच्या गाडीत बसवून द्यायचं ठरलं आहे. तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल ती. एवढं लाव म्हणा."

भंतेजी खिडकीतून बाहेर पाहत होते.

विहाराची झाडलोट माझ्याकडे. मी चटई झटकायला दारात उभी होते, म्हणून मलाही दिसलं. उत्पलानं दुपट्टा सोडून खांद्यावर टाकला होता. पोरगी बिनदातांच्या तोंडानं तिचा गाल चावायला पाहत होती, अन् ती हसत होती. पाणी भरायला आलेल्या बायांशी बोलत होती. उघड्या तोंडानं, भर उजेडात.

"संबोध, ती दुपट्टा कोणाकोणासमोर बांधते?"

"सगळ्यांसमोरच जी..."

बोलता बोलता त्यानं मान वळवली आणि खिडकीतून पाहिलं.

बाहेर उत्पलाची नजर वर गेली. तिनं पोरीला मांडीवर ठेवलं, आणि दोन्ही हातांनी भराभर दुपट्टा बांधून घेतला.

संबोधनं मान परत फिरवली.

"मी तिला कधीच काही बोललो नाही, भंतेजी. वाईट दिसतेस असं एका शब्दानं नाही. तिच्यासाठीच तर हे सगळं..."

"माहीत आहे."

भंतेजींनी आपला हात पुढे केला. म्हातारा हात तो, त्यावर वयाचे तपकिरी ठिपके.

"मला लाव."

संबोधला जरा बरं वाटलं. हाताला ओळखीचं काम मिळालं की माणूस सावरतो. त्यानं थेंब टाकले, बोटानं हलकेच गोल गोल चोळले.

"बघा, चिकट नाही. आग होते का?"

"नाही."

"म्हटलं नव्हतं? दोन-तीन महिने लावा, हे ठिपकेपण फिके पडतील."

"मी कुठं म्हटलं, पडू दे म्हणून?"

संबोध हसला. भंतेजींचा हात त्यानं उजेडाकडे वळवला. वाकून एकेक ठिपका पाहिला. मग खिशातून मोबाईल काढला.

"हे कशाला?"

"आधीचा फोटो असला की फरक कळतो जी. उत्पलाचा रोज काढत होतो. सकाळी खिडकीपाशी उभी करून. जरा इकडे घ्या... उजेडात. हलवू नका."

भंतेजींनी हात मागे घेतला. सावकाश. अन् चिवराच्या आत झाकून टाकला.

"भंतेजी, हात..."

भंतेजींनी चीवर आणखी ओढून घेतलं, पार गळ्यापर्यंत. मान खाली घातली.

संबोध मोबाईल धरून तसाच बसला.

बाहेर पोरगी खिदळली. मागोमाग उत्पलाही हसली, पण दुपट्ट्याच्या आतून, दबकं.

"रोज..." संबोध म्हणाला. "रोज सकाळी मी..."

डोळे पुसायला हात वर नेला, तर बोटं सिरमनं माखलेली. तो हात तसाच मांडीवर ठेवला, आणि डोळे वाहू दिले.

भंतेजींनी त्याला रडू दिलं. चटई हातात धरून मी दारातच उभी राहिले.

"फेकून देऊ हे?" शेवटी त्यानं विचारलं.

"काहून? चांगलं आहे. मऊ आहे."

भंतेजींनी चिवरातून हात बाहेर काढला. बाटलीचं झाकण लावलं, ती संबोधच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ मिटवली.

"मग तिला काय सांगू?"

"सांगू नको. विचार."

"जाते म्हणाली तर?"

"तर गाडीत बसवून दे. पोरीचं टोपडं विसरू नको."

संबोध उठला. दारापर्यंत आला. बाहेर पाहायला त्याची नजर उचलेना. तसाच, पाठमोरा उभा राहून म्हणाला,

"अन् राहिली तर, भंतेजी? एखाद्या दिवशी लाव म्हणालीच मला... तर कसं लावू?"

भंतेजींनी जरा विचार केला.

"आधी दिवा मालव."