हैबती कडा ओलांडतो

काळ्या कड्याच्या पायथ्याशी एका गावात एक भोळा गडी होता. भोळा हे आपलं सभ्यपणानं म्हणायचं. नाव हैबती. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं बारशाला बाळाचा चेहरा पाहिला नसावा.

कड्यापलीकडच्या सगुणेशी त्याचं लग्न ठरलं होतं. तिच्या घरची रीत अशी, की होणाऱ्या जावयानं साखरेचा पुडा घेऊन पायी, एका दिवसात, कडा ओलांडून यायचं. तिच्या बापानं, रखमाजीनं, निरोप धाडला, "तीन सोमवार वाट बघू. मग पोरगी दुसरीकडं देऊ."

कडा काही साधा नव्हता. जुन्या काळी जमिनीतून आग वाहिली आणि निवून हा कातळ झाला, असं म्हणतात. वर झाड नाही, सावली नाही, पायाखाली सुटे दगड. हैबतीच्या आत्यानं, सोनाबाईनं, सगळी तयारी करून दिली. भाकरी बांधली, काठी दिली, पाण्याचा भोपळा खांद्याला अडकवला.

"वर पानी न्हाई. जपून ठेव," ती म्हणाली.

हैबतीनं जपलं. कातळ तव्यासारखा तापला, जीभ टाळ्याला चिकटली, तरी गड्यानं बुचाला हात लावला नाही. अर्ध्या चढावर चक्कर येऊन पडला. गुराख्यांनी उचलून घरी आणला.

"भोपळा भरल्याला हाय, आत्ये," तो ऐटीत म्हणाला. "एक थेंब कमी न्हाई."

सोनाबाईनं कपाळावर हात मारला. "अरं मुडद्या, बरोबर न्हेल्यालं वाटंत संपवायचं असतं. उरवून काय लोणचं घालायचंय?"

"बरं," हैबती म्हणाला. तो नेहमी बरं म्हणायचा. घोळ तिथूनच सुरू व्हायचा.

दुसऱ्या सोमवारी तो पाणी प्याला. भाकरी खाल्ली. मग साखरेचा पुडा आठवला. चांगली शेरभर साखर. बोकणे भरता भरता दुपार कलली, आणि पोटात अशी कळ आली की तो तिथंच आडवा झाला. उठला तेव्हा सूर्य बुडाला होता. तरी अंधारात चढत राहिला, आणि सुट्या दगडांवरून घरंगळत आला तो थेट गावच्या उकिरड्यात.

"साखर कुठाय?"

"संपवली. तूच म्हणालीस."

सोनाबाईला आता रागवायचाही कंटाळा आला. "अंधारात कड्यावर मरशील, बाबा. सूर्व्या डोंगराला टेकला की असशील तितनं माघारी फीर. म्होरं एक पाऊल टाकायचं न्हाई."

"बरं."

शेवटच्या सोमवारी पुडा तिनं फडक्यात शिवूनच दिला. आणि काय सांगावं, त्या दिवशी हैबती शहाण्यासारखा चालला. घोटघोट पाणी प्याला, माथा ओलांडला, पलीकडं उतरला, पुडा शाबूत. रखमाजीच्या दारात रांगोळी होती. पाहुणे जमले होते. उंबऱ्याशी सगुणा ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती, तिसऱ्या सोमवारी तेच लुगडं नेसून. बिचारीची खरंच कीव येते.

"या जावईबापू," रखमाजी म्हणाला. "येळेत पोचलात. या आत."

हैबतीनं उंबऱ्यावर पाय टाकायला उचलला आणि सहज मागं पाहिलं. सूर्य नुकताच डोंगराला टेकला होता. त्यानं पाय खाली घेतला.

"आता न्हाई जमायचं," तो म्हणाला, आणि पुड्यासकट वळला.

"अवो, निघाला कुठं?"

"माघारी," हैबती चालता चालता म्हणाला. "अंधारात कड्यावर लई धोका असतो."

तो कडा चढायला लागला तेव्हा दिवेलागण झाली होती. सगुणेनं ताट खाली ठेवलं.

"बाबा," ती म्हणाली, "दार लावून घ्या."