ठकूची शिफारस

“तीन गावांत मिळून एकच द्राक्षमळा राहील! बाकीचे दोन उपटा आणि तिथे एरंड लावा!” रणधीर राजा भर दरबारात गरजला.

राजा चिडण्यासारखंच घडलं होतं. परदेशी मदिरा फार महाग पडते, म्हणून प्रधानाने आपल्याच मुलखातली स्वस्त मदिरा चाखायला मागवली. कातळवाडी, निळसोंड आणि मोहगाव या गावांनी आनंदाने घागरी पाठवल्या. पण “आमचीच भारी!” म्हणत गावकरी दरबारातच एकमेकांच्या अंगावर धावून गेले. घागरी फुटल्या आणि राजाचा कोरा पांढरा अंगरखा जांभळा झाला!

“पण महाराज, कुठला मळा ठेवायचा?” प्रधानाने चाचरत विचारलं.

“जी मदिरा चाखून मी ‘सर्वांत उत्तम’ म्हणेन, तिचा मळा राहील. एकही आवडली नाही, तर तिन्ही जातील! उद्या दुपारी कोण शिफारस करतो ते बघतो.”

राजा हेकट होता. बोलला की बोलला! शिफारशीला कोणी पुढे येईना. एका गावाचं भलं करायचं आणि दोन गावांचे तळतळाट घ्यायचे, हे कोणाला हवं?

शेवटी दरबाराच्या गर्दीतून ठकू उठली. गडाच्या पायथ्याशी तिची खाणावळ होती. तिन्ही गावांचे गाडीवान तिच्याकडेच जेवत. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाची लेक कुठे दिली, सगळं तिला ठाऊक. मळे गेले तर या घरांच्या चुली विझणार, हे तिला दिसत होतं.

“मी करते शिफारस,” ती म्हणाली. “पण महाराजांनी माझ्या खाणावळीत यायचं.”

“राजा खाणावळीत?” प्रधान ओरडला.

“मग महाराजांना चुलीची धग सोसवत नसेल!”

“कोण म्हणतं सोसवत नाही? येणार!” राजा फणकारला.

दुसऱ्या दिवशी राजा पाटावर बसला. शेजारी प्रधान. दाराबाहेर तिन्ही गावं श्वास रोखून उभी.

“आण मदिरा!”

“आधी जेवण, महाराज.”

“मी चाखायला आलोय, जेवायला नाही!”

“जो जेवत नाही, त्याला माझ्याकडे पाणीसुद्धा रागावूनच मिळतं!”

राजाला हसू आलं, पण त्याने ते मिशीत दडवलं. ठकूने नदीतले कुरकुरीत तळलेले मासे वाढले आणि पेल्यात फिकट, किंचित आंबूस मदिरा ओतली. राजाने घास घेतला, घोट घेतला आणि डोळे मिटले.

“वा! हीच सर्वांत उत्तम! कुठल्या गावची?”

“सांगते. आधी हे घ्या.”

आता ताटात आलं चरबीदार भाजलेलं मटण आणि पेल्यात गडद, तुरट मदिरा. तोंडातला तुपकटपणा एका घोटात धुऊन निघाला. राजाने मांडीवर थाप मारली.

“छे, मघाशी चुकलो! सर्वांत उत्तम ती हीच!”

“सांभाळून जेवा, महाराज,” ठकू म्हणाली आणि लालभडक रस्सा वाढला. दुसऱ्याच भुरक्याला राजाच्या डोळ्यांतून पाणी आलं, कान तापले. त्याने चाचपडत पेला उचलला. यात होती गोड मदिरा. जिभेची आग निवली.

“अहाहा! देवाशपथ सांगतो, सर्वांत उत्तम हीच! बोल, कुठली?”

ठकूने पदराला हात पुसले. “पहिली निळसोंडची, दुसरी कातळवाडीची, ही मोहगावची. आता सांगा महाराज, कुठले दोन मळे उपटायचे?”

राजाचा घास हातातच राहिला. मग तो उसळला, “थांब!” त्याने रश्श्यावर निळसोंडच्या मदिरेचा घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. “बघ! ही टाकाऊ आहे!”

“हत्तीला पालखीत बसवलं आणि पालखी मोडली, तर हत्ती टाकाऊ का, महाराज?”

प्रधानाला ठसका लागला. राजाने डोळे वटारले. “ते काही नाही! सर्वांत उत्तम एकच असते. एकच नाव घे!”

“घेते की,” ठकू शांतपणे म्हणाली. “पण हुकूम आपलाच आहे. आपण जिला सर्वांत उत्तम म्हणाल, तिचा मळा राहणार. आपण तिघींनाही म्हणालात, प्रधानजी साक्षीला आहेत. आता एकच ठेवायची, तर दवंडी अशी पिटावी लागेल की, ऐका हो ऐका, महाराज एकदा खरं बोलले आणि दोनदा खोटं! दवंडीवाला दारातच उभा आहे. बोलवू?”

चुलीवर रस्सा रटरटत होता.

आणि मग राजा हसला! इतका हसला की त्याचा फेटा ओघळून पाटाखाली गेला. “नको ग बाई! तिन्ही मळे राहू देत! वाड्याला लागणारी मदिरा यापुढे तिन्ही गावांकडूनच येईल. आणि कुठल्या ताटाबरोबर कुठली, हे ही ठकू सांगेल!”

बाहेर एकच जल्लोष झाला. काल एकमेकांची डोकी फोडायला निघालेले आज गळ्यात गळे घालून नाचत होते. राजाने मनगटातलं सोन्याचं कडं काढून ठकूच्या हातात घातलं. ते सरकत थेट तिच्या कोपरापर्यंत गेलं!

“निघायचं का, महाराज?” प्रधानाने विचारलं.

“तू नीघ!” राजाने ताट पुढे सारलं. “ठकू, रस्सा वाढ. आणि ती मोहगावची घागर इकडे सरकव. नाही, थांब... मासे उरलेत का ग?”