हैबतीचा दगड

आमच्या नदीच्या घाटावर एका दगडावर कुणी धुणं आपटत नाही. शेजारच्या दगडांसाठी सकाळी भांडणं होतात, पण हा मोकळाच. पाहुणे विचारतात, तेव्हा भिकूआत्या हातातलं काम थांबवून सांगतात. परटांच्या आळीतल्या त्या सर्वांत थोरल्या. मी बाळाला घट्ट धरून ऐकते. पायऱ्यांवर शेवाळं असतं, आणि मला पाय घसरायच्या आधीच घसरलेला दिसतो.

फार पूर्वी, असं सांगतात, हा दगड हैबती परटाचा होता. त्याचा हात साऱ्या गावाला ऐकून ओळखू यायचा: दोन घाव, मग एक विसावा. एका दुष्काळात नदी आटली आणि तो पोटामागे लमाणांच्या तांड्याबरोबर उत्तरेला गेला. जाताना बायकोला, ठकूला, म्हणाला, "पाऊस सरून नदी निवळली की येतो. दगड कुणाला देऊ नकोस."

नदी कितीदा तरी निवळली. तो आला नाही. शेवटी पंचांनी ठरवलं, यंदा पाणी निवळेपर्यंत वाट बघायची. नाही आला, तर ठकूनं बांगड्या फोडायच्या आणि दगड दिराला द्यायचा.

पाणी निवळलं. पंच घाटावर जमले. दीर तर धुण्याचं गाठोडं घेऊनच आला. तेवढ्यात, म्हणे, उत्तरेकडून एक करडं-पांढरं पाखरू येऊन त्या दगडावर बसलं. असलं पाखरू आधी कुणी पाहिलं नव्हतं. त्याची शेपटी दोनदा खालीवर होई, मग थांबे. पुन्हा तसंच.

ठकू म्हणाली, "हात बघा त्याचा."

"वहिनी, पाखरू आहे ते."

"मग उठव त्याला."

पंचही परीटच. त्यांना तो हात ओळखीचा वाटला. ते आल्या पावली परतले. दिरानं गाठोडं उचललं आणि तो दुसऱ्या दगडाकडे गेला.

ठकूला खरंच तसं वाटलं, की बांगड्या वाचवायला ती बोलली? मी विचारलं होतं. भिकूआत्या म्हणाल्या, "शिकलेल्या बायका फार विचारतात बाई. तिला तो पाहिजे होता, एवढं धर."

उन्हं तापली की पाखरू जाई, नदी निवळली की येई. ठकूच्या हयातभर आलं. माणूस आलाच नाही. तेव्हापासून त्या पाखराला परीट म्हणू लागले, म्हणे. इंग्रजीत त्याला नुसतं शेपूटहलव्या अशा अर्थाचं नाव आहे. तिकडे त्याची कुणी वाट पाहिली नसावी.

आजही परीट आला की, ज्यांचं माणूस दूर आहे त्या बायका त्याचा एखादा कपडा भिजवून या दगडावर पसरतात. आपटत नाहीत, पिळत नाहीत. यंदा मीही शर्ट नेला. बाळाचे बाबा जहाजावर आहेत. त्यांनी बाळाला अजून फोनवरच पाहिलंय. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी वाटेत बाळाला दोनदा सांगितलं.

परीट आला. बाहीवरून चालत कॉलरपाशी गेला आणि थांबला. बाळ भलतीकडेच बघत होतं. मी त्याची हनुवटी हलकेच वळवली आणि म्हटलं, "ते बघ, बाबा."