खिशापर्यंत

“…मग सावरलेली मुलगी चार वर्षांनी पुन्हा खचतेच कशी, भंते?”

डॉ. प्रशील ढेंगरेने हातातली फाईल पुढे केली.

भंतेंनी ती घेतली नाही. ते विहाराच्या दाराची जुनी लाकडी चौकट ओल्या फडक्याने पुसत होते.

ढेंगरे काही ऐरागैरा नव्हता. आई किंवा बाप गेलेल्या लेकरांवर त्याने दहा वर्षं संशोधन केलं होतं, नागपुरात त्यांच्यासाठी केंद्र उभं केलं होतं. पण लहानपणी तो याच विहारात वंदना शिकला होता, त्यामुळे भंते त्याला अजूनही अरे-तुरेच करत.

फाईल तक्षिला मेश्राम हिची होती. वय सहा. वडील लाइनमन, कामावर असताना विजेच्या धक्क्याने मृत्यू. केंद्रात बारा बैठका. आणि शेवटच्या पानावर ढेंगरेच्या सुबक अक्षरात : ‘सावरली. फाईल बंद.’

ती सावरलेली तक्षिला आता दहा वर्षांची होती आणि अकरा दिवस शाळेत गेली नव्हती. पुढ्यातलं ताट तसंच ठेवून उठायची. कुणाशी बोलायची नाही.

आज तिच्या वडिलांचा स्मृतिदिन, पुण्यानुमोदनाचा दिवस. मायलेकी पांढऱ्या कपड्यांत बुद्धमूर्तीपुढे बसल्या होत्या. आईने, संघमित्राबाईंनी, सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं :

“माह्यंच काई चुकलं का, डॉक्टरसाहेब?”

ढेंगरेला त्यांचं मनापासून वाईट वाटत होतं. खरं सांगायचं तर स्वतःचंही वाटत होतं, आणि ते थोडं जास्तच. पुढच्या महिन्यात परिषदेत तो सांगणार होता की एकतीसच्या एकतीस मुलं सावरली. आता ही एक आडवी आली होती.

“कुठली बैठक कमी पडली, एवढंच सांगा,” तो भंतेंना म्हणाला.

भंतेंनी फडकं पिळून कठड्यावर वाळत घातलं.

“तक्षिला, ये.”

मुलगी उठली. कुणी काही सांगायच्या आधीच चौकटीला टाचा लावून ताठ उभी राहिली. भंतेंनी तिच्या डोक्यावर पाटी आडवी धरली आणि पेन्सिलीने रेघ ओढली.

ढेंगरे जवळ गेला. त्या रेघेखाली आणखी चार रेघा होत्या. खालून वर, वर्षागणिक एक. आणि त्या सगळ्यांच्या पुष्कळ वर, एकटीच, एक रेघ होती.

“ती वरची कुणाची?”

“त्यायची,” संघमित्राबाई म्हणाल्या. “पहिल्या वर्षी भंतेजीनं विचारलं, किती उंच होते? मी हात धरून दाखवला.”

ढेंगरेने फाईल चाळून पाहिली. केंद्राच्या अर्जात बावन्न प्रश्न होते. हा त्यात नव्हता.

“यंदा काय झालं गं?” भंतेंनी मुलीला विचारलं.

बाहेर कुणीतरी चप्पल काढून आत डोकावलं आणि पाहून परत गेलं.

“बाबाची सायकल,” तक्षिला म्हणाली. “भिंतीले लावून सीटवर बसली मी.”

“मग?”

“बाबा म्हने, पायडलले पाय पुरला का मंग सायकल शिकवतो.”

तिने आपल्या पायांकडे पाहिलं.

“आता पुरते.”

ढेंगरेचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. “म्हणजे बेटा, तुला बाबांची आठवण येऊन…”

“थांब,” भंते म्हणाले. “जरा चौकटीला लागून उभा राहा.”

“मी?”

“तूच.”

तो उभा राहिला. वरची रेघ बरोबर त्याच्या डोक्याला लागली. भंतेंनी वर पाहिलंसुद्धा नाही, जणू त्यांना ते ठाऊकच होतं.

तक्षिला मात्र पाहतच राहिली. मग हळूहळू त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने आपला हात त्याच्या कमरेच्या पट्ट्यापाशी धरला.

“तवा मी इथपर्यंत होती.”

मग हात आपल्या डोक्यावर सपाट ठेवला आणि तसाच सरळ पुढे नेला. बोटं त्याच्या शर्टाच्या खिशाला टेकली, पेनाशेजारी.

“आता इथपर्यंत आली असती.”

हात तिने काढला नाही. तिचा चेहरा वाकडा झाला, आणि अकरा दिवसांचं सगळं रडू एकदम बाहेर आलं. आई धावत आली, तिला पोटाशी घेऊन तिथेच खाली बसली. या वेळी तिने कुणाला काही विचारलं नाही.

ढेंगरे चौकटीपासून हलला नाही. बारा बैठकांत त्याने या मुलीकडून बापाचं चित्र काढून घेतलं होतं, बापाला पत्र लिहून घेतलं होतं. सगळं नीट झालं होतं. पण ते सहा वर्षांच्या मुलीचं झालं होतं.

बऱ्याच वेळाने तो खाली बसला. फाईलचं शेवटचं पान उघडलं. ‘फाईल बंद’ हे शब्द त्याने खोडले. मग पेन ‘सावरली’वर नेलं, आणि ते तिथेच अडलं. खोडावं, तर तेही खरं नव्हतं.

“भंते… इथे काय लिहू?”

भंते पाटी जागेवर ठेवत होते.

“आजची तारीख लिही,” ते म्हणाले. “आणि उंची.”