उंबराच्या फुलाचा अर्क

निंबोरीचे जहागीरदार धारराव यांच्या गालांवर वांगाचे डाग आले, तेव्हापासून त्यांनी लोकांना तोंड दाखवणंच बंद केलं. तीन वर्षं फिर्यादी देवडीवरूनच परत जात होते. अशात कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, की उंबराच्या फुलाचा अर्क चोळला तर कातडी तान्ह्या मुलासारखी होते.

लगेच फुलांचे अर्क काढणाऱ्या म्हाळसा माळणीला बोलावणं गेलं. सरकार चिकाच्या पडद्याआडून बोलले, "आठ दिवसांत उंबराच्या फुलाचा अर्क हजर कर. नाहीतर तुझी फुलबाग जप्त."

"सरकार, उंबराचं फूल आजवर कुणाला दिसलंय का?"

"ते तुझं तू बघ."

आठव्या दिवशी म्हाळसानं माणूस मावेल एवढी तांब्याची डेग बैलगाडीतून आणली, चौकात चुलाणावर चढवली आणि खाली जाळ घातला.

"फूल कुठंय?" पडद्यामागून आवाज आला.

"घावलं की, सरकार. लांब जावंच लागलं नाही. वेशीत कुणालाबी विचारा, सांगतात, आमचे सरकार म्हंजे उंबराचं फूल, तीन वर्षांत दर्शन नाही. सारा गाव खोटं कसं बोलंल? पाणी उकळलंय. आता सरकारांनी डेगीत उतरावं, म्हंजे मी झाकण लावते."

कारकून खाली मान घालून उभे राहिले. चिक वर सरकला आणि डागांसकट ते तोंड सगळ्यांना दिसलं.

"मी दिसतोय ना सगळ्यांना?" धारराव म्हणाले. "मग गुलाबाचाच काढ."